आमच्या खिडकीला ग्रिल आहे

मी बी.कॉम. आहे. ही पदवी माणसाला दोन गोष्टी देते. एक, बँकेतली नोकरी आणि दुसरी, दिसेल त्या गोष्टीची बेरीज करायची खोड. पहिलीतून साठाव्या वर्षी सुटका होते. दुसरीतून होत नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी माझं लक्ष जिलबीपेक्षा ‘पानामागे किती पडले असतील’ याकडेच असतं. असा माणूस कादंबऱ्या वाचत नाही. वाचलीच तर तिचा ताळेबंद काढतो.

पण कादंबरी वाचायचा योग पत्रिकेत होता. आमच्या शाखेतल्या एक मॅडम निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, तेव्हा त्यातून सुपारीची डबी, बॉलपेनांची सात टोपणं आणि एक जाडजूड इंग्रजी कादंबरी निघाली. डबी शिपायानं घेतली. टोपणं हेडकॅशियरनं घेतली. (ती कशाला, हे अजून कळलेलं नाही.) कादंबरीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ती माझ्या नावावर टाकण्यात आली.

नाव वाचतानाच मला धाप लागली. ‘खिडकीतून उतरून नाहीसा झालेला शंभर वर्षांचा म्हातारा’ असा काहीसा त्याचा मराठी अर्थ. एवढं लांब नाव आमच्या खातं उघडायच्या फॉर्मात बसलं नसतं. लेखक योनास योनासन, राहणार स्वीडन. हा गृहस्थ आधी वार्ताहर होता, मग धंदा केला, मग धंदा विकला आणि २००९ साली ही पहिलीच कादंबरी काढली. ती पुढं कैक भाषांत गेली, २०१३ साली तिचा सिनेमा झाला. पहिल्याच ठेवीवर एवढं व्याज मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. आलन कार्लसन नावाचे एक आजोबा मालमशोपिंग नावाच्या गावी वृद्धाश्रमात राहत असतात. तारीख २ मे २००५. आजोबांचा शंभरावा वाढदिवस. दिवाणखान्यात जय्यत तयारी चाललेली. नगराध्यक्ष यायचे आहेत, वार्ताहर यायचे आहेत. फक्त उत्सवमूर्तीला विचारायचं राहून गेलंय. तेव्हा आजोबा पायातल्या सपातांसकट खिडकीतून खाली फुलझाडांत उतरतात आणि बसस्टँड गाठतात. तिथं एक दांडगट पोरगा भलीमोठी सूटकेस घेऊन उभा. त्याला ‘जाऊन’ यायचं असतं आणि सूटकेस त्या खोलीत मावत नसते. तो म्हणतो, ‘म्हाताऱ्या, ही जरा बघ.’ तेवढ्यात बस येते. म्हातारा सूटकेसकडे बघतो, बसकडे बघतो आणि सूटकेससकट बसमध्ये चढतो. आत निघतात पाच कोटी क्रोनर. मग पुढे गुंड, पोलीस, एक भुरटा चोर आणि चक्क एक हत्तीण अशी वरात निघते. मधूनमधून आजोबांचा पूर्वेतिहास येतो. हे सुरुंगाच्या दारूतले वाकबगार. त्यामुळं फ्रँको, ट्रुमन, स्टालिन, माओ अशा एकेका बड्या धेंडाशी यांची गाठ पडलेली. आणि एवढं करून यांना राजकारणात काडीचा रस नाही. कोणी राजकारण काढलं की हे घोटभर घ्यायला बसतात.

इथं माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. पाच कोटी क्रोनर, समजा पाचशेच्या नोटांत, म्हणजे नोटा झाल्या एक लाख. शंभराचं एक पाकीट, म्हणजे हजार पाकिटं, म्हणजे शंभर बंडलं. एका नोटेचं वजन साधारण ग्रॅमभर धरलं तर सूटकेस शंभर किलोंची झाली! शंभर वर्षांचा म्हातारा शंभर किलोंची सूटकेस बसमध्ये चढवतो. आमचा हेडकॅशियर चाळिशीचा आहे, तो दहा बंडलं उचलली की कमरेला पट्टा लावतो. मी हा आक्षेप सौभाग्यवतींपुढं मांडला. ती म्हणाली, “अहो, हत्तिणीचं तुम्हाला काही वाटलं नाही, आणि नोटांच्या वजनावर अडलात?”

हा प्रश्न नानांनी ऐकला आणि विचारलं, “कसली हत्तीण?”

नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून गेली तीन वर्षं ते आमच्याकडे पुण्यात असतात. नोकरी आर.एम.एस.मध्ये सॉर्टरची झाली. म्हणजे समोर कप्प्याकप्प्यांची उभी घडवंची, हातात पत्रांचा गठ्ठा आणि पत्ता नजरेखालून जाताजाताच पत्र बरोबर कप्प्यात. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला तेव्हा नाना सत्तावीस वर्षांचे होते. पिनकोड काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे नानांचं दैवत. “टपालखात्यातला एवढा मोठा अधिकारी आणि संस्कृतात काव्यं करायचा!” हे वाक्य मी लहानपणापासून, पाढ्यांच्या आधीपासून ऐकत आलोय. घरात कोणीही कुठल्याही गावाचं नाव काढलं की नाना आपोआप पहिले तीन आकडे सांगतात. आमच्या लग्नात सासरच्या मंडळींची ओळख करून दिली, तेव्हा ते व्याह्यांना नमस्कार करून म्हणाले होते, “म्हणजे चारशे सोळा.”

तर नानांना हत्तिणीची उत्सुकता लागली आणि मी रोज रात्री जेवणानंतर त्यांना कादंबरी मराठीत सांगू लागलो. माझं इंग्रजी ‘आपणांस कळविण्यास खेद वाटतो’ या जातीचं असल्यामुळं मध्येमध्ये मी स्वतःचंही घालत होतो. नाना अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकायचे. त्यांच्या शंका वेगळ्याच असत.

“पायात काय होतं म्हणालास त्याच्या?”

“सपाता, नाना.”

“मे महिन्यात तिकडं थंडी असेल. मोजे हवे होते.” थोड्या वेळानं, “आणि ती बॅग त्यानं नेली हे काही बरं केलं नाही. दुसऱ्याची पिशवी ताब्यात आली की ती पोचती करायची. गुन्हा आहे तो.”

“नाना, पण न नेली तर गोष्ट पुढं कशी जाणार?”

“जाते. गोष्ट कशीही पुढं जाते,” असं म्हणून नाना उठत आणि खिडकीशी जाऊन उभे राहत.

आता आमच्या खिडकीबद्दल सांगायला हवं. स्वीडनमधल्या म्हाताऱ्याला खिडकीतून उतरता आलं, कारण त्याची खिडकी ही खिडकी होती. आमच्या खिडकीला ग्रिल आहे. ग्रिलच्या आत जाळी आहे. जाळी आणि ग्रिल यांच्यामध्ये तुळस, कोरफड, जुना स्टोव्ह, चिरंजीवांची एका चाकाची सायकल आणि वाळत घातलेली फडकी आहेत. आमच्याकडे वाऱ्यालासुद्धा आत यायचं तर ओळख द्यावी लागते. तेव्हा ही कादंबरी नानांना सांगण्यात काही धोका आहे, असं मला मुळीच वाटलं नाही.

त्यातच नानांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, त्याला हजारानं गुणलं की ऐंशी वर्षं आणि दहा महिने होतात. हा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि शास्त्राला पैसे चोख मोजता येतात याची खात्री पटली. तसा नानांच्या ऐंशीचा हिशेब सरकारनंही ठेवला होता. केंद्राच्या पेन्शनरला ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर वीस टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभरीला पुरे शंभर टक्के. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे वय वाढेल तसा माणूस जास्त खर्च करील असं सरकारला वाटतं. तू मात्र मला रिक्षानंसुद्धा एकट्याला जाऊ देत नाहीस.” मी हसलो. विनोद समजून हसलो.

सहस्रचंद्रदर्शनाची तयारी मी आणि ताईनं मिळून केली. ताई ठाण्याहून फोनवर असे. हॉल ठरला, गुरुजी ठरले, निरांजनं ठरली, मेन्यूवरून दोनदा भांडण होऊन तोही ठरला. मट्ठा की ताक यावर तर घटस्फोटापर्यंत वेळ आली होती. बहीणभावांत घटस्फोट होत नाही म्हणून वाचलो. नाना कोपऱ्यात बसून असत. त्यांना आम्ही एकच गोष्ट विचारली, ती म्हणजे सदऱ्याचं माप.

रविवारी कार्यक्रम आणि बुधवारी सकाळी सहाला सौभाग्यवतीनं मला हलवून उठवलं. “अहो, नाना नाहीत.”

मी आधी ग्रिल पाहिलं. हे सांगायला लाज वाटते, पण पाहिलं. तुळस, कोरफड, स्टोव्ह, सगळं जागच्या जागी. दरवाजा मात्र नुसता ओढून घेतलेला. नानांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला आणि त्यावर, वाऱ्यानं उडू नये म्हणून, अडकित्ता ठेवलेला. खुंटीवरची कापडी पिशवी नव्हती. आणि कपाटातलं आधार कार्ड नव्हतं.

बाग पाहिली, मारुतीचं देऊळ पाहिलं, वाचनालय उघडायच्या आधीच त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. दहा वाजता पोलीस चौकी गाठली. तिथले हवालदार सज्जन होते. त्यांनी वही उघडून विचारलं, “नाव?” सांगितलं. “जन्मतारीख?” सांगितली. “आधार नंबर?” मी बाराच्या बारा आकडे तोंडपाठ सांगितले. एवढ्यावर न थांबता पॅन नंबर, पेन्शनचा पी.पी.ओ. नंबर, खाते क्रमांक आणि दोन मुदतठेवींच्या मुदती सांगितल्या. हवालदार लिहायचे थांबले.

“साहेब, खातं उघडायचं नाहीये. माणूस शोधायचाय. अंगावर काय होतं?”

मी गप्प.

“बरं, काही ओळखण्याची खूण? चेहऱ्यावर वगैरे?”

मी गप्प. तीन वर्षं रोज ज्यांच्यासमोर बसून जेवलो, त्यांचा चेहरा मला डोळ्यांसमोर आणता येईना. जो आला तो पासबुकावरचा फोटो आला. तोही शिक्क्याखालचा.

“आकाशी शर्ट,” मागून सौभाग्यवती म्हणाली. “उजव्या कोपरावर रफू. करडी पँट, चपला कोल्हापुरी, डाव्या अंगठ्याला टाके मारलेल्या. आणि डाव्या भुवईवर खूण आहे, जुन्या जखमेची.”

“कसली जखम?” हे हवालदारांनी नाही, मी विचारलं.

“तुम्ही पाच वर्षांचे असताना झोपाळ्यावरून पडत होतात. मध्ये पडले ते.”

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. रविवारी मटार सोलताना. तुम्ही पेपर वाचत असता तेव्हा.”

हवालदारांनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी आपलेपणानं विचारलं, “घरात काही बोलाचाली?” मी म्हटलं, “नाही हो. बोलणंच नाही, तर बोलाचाली कुठली?” हे वाक्य मी सहज म्हटलं. बाहेर पडल्यावर रस्त्यात ते मला लागलं.

तो दिवस कसा गेला ते इथं लिहीत नाही, विनोदी लेख आहे. एवढंच सांगतो की रात्री पावणेनऊला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. वाचकहो, मी बँकेतला माणूस. ‘अनोळखी फोन घेऊ नका, ओटीपी सांगू नका’ हे वाक्य मी गेली काही वर्षं दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. हाताला सवय. मी फोन कट केला. तो परत वाजला. मी परत कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सौभाग्यवतीनं माझ्या हातातून तो हिसकावून घेतला, “हॅलो” म्हटलं आणि मटकन खाली बसली.

“अरे,” पलीकडून नानांचा आवाज आला, “तुझा फोन बिघडलाय का? सारखा बंद पडतोय.”

“नाना! कुठं आहात?”

“चारशे पंधरा,” नाना म्हणाले. “हर्णै.”

मग कळलं ते असं. २०२२ सालच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्या माणसाला एस.टी.नं राज्यात कुठंही फुकट जाता येतं. ही बातमी नानांनी तेव्हाच कापून ठेवली होती. कात्रणासाठी, प्रवासासाठी नव्हे. पण कार्लसन आजोबा बसमध्ये चढले आणि नानांना कात्रण आठवलं. पहाटे स्वारगेट, तिथून दापोलीची गाडी. कंडक्टरनं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. ते तिकीट नानांनी अजून जपून ठेवलंय.

“पण हर्णैच का?”

“तिथली पिशवी यायची रे,” नाना म्हणाले. “तीस वर्षं. तिला सुकटीचा वास असायचा. घडवंचीत दापोली तालुक्याचा कप्पा माझ्या बरोबर उजव्या हाताला. आंजर्लं, केळशी, आडे, मुरूड, कर्दे, बुरोंडी, पाजपंढरी. एवढी पत्रं टाकली, गाव एकही पाहिलं नाही. तुझ्या आईला म्हणायचो, रिटायर झालो की जाऊ. मग तिचे गुडघे. मग तिचं ते दुसरं दुखणं.”

आमच्या घरात हर्णैचं नाव मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं असेल तर पेपर वाचत असेन.

दापोलीच्या स्टँडवर नाना हर्णैच्या गाडीची वाट बघत उभे होते. तिथं एक पोरगा मोठी बॅग घेऊन आला आणि म्हणाला, “आजोबा, जरा बॅग बघा हो. मोटरसायकल पंक्चर झालीय, आलोच.” मी फोनवरच किंचाळलो, “आणि तुम्ही ती घेऊन गाडीत चढलात?”

“मी काय स्वीडनचा आहे?” नाना रागावले. “दुसऱ्याची पिशवी! हर्णैची गाडी आली, गेली. मग दुसरी आली, तीही गेली. मी बॅगेवर हात ठेवून दीड तास बसून होतो. उघडून बघितलीसुद्धा नाही.”

पोरगा दीड तासानं आला तेव्हा त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. बॅगेत त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या चारशे पत्रिका होत्या, सगळ्या सरमिसळ. आपल्यापायी आजोबांच्या दोन गाड्या चुकल्या म्हणून त्यानं त्यांना मोटरसायकलवर मागं बसवलं. ऐंशी वर्षं दहा महिने वयाचे, हजार चंद्र पाहिलेले आमचे नाना मोटरसायकलवरून घाट उतरून हर्णै बंदरात पोचले. होड्या लागलेल्या, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर माशांचा लिलाव ऐन रंगात आलेला. जन्मभर भेंडीची भाजी खाल्लेल्या या गृहस्थानं तो लिलाव तासभर उभं राहून पाहिला. “व्यवस्था फार चोख आहे,” हे त्यांचं मत. “राशी कशा बरोब्बर वेगळ्या लावतात. सॉर्टिंग उत्तम.”

रात्री पोरानं आग्रहानं घरी ठेवून घेतलं. त्या घरात बिनमाशाचा स्वयंपाक होऊ शकतो, ही गोष्ट नानांमुळं उजेडात आली. सोलकढी-भात खाऊन नाना ओटीवर बसले आणि त्यांनी पत्रिका मागून घेतल्या. चारशे पत्रिका, तेवीस गावं. अर्ध्या तासात गठ्ठे तयार. कुठल्या वाटेनं गेलं की कुठलं गाव आधी लागतं तेही सांगितलं. पोरगा म्हणाला, “आजोबा, तुम्ही इथलेच काय?” नाना म्हणाले, “नाही. पण पत्ता माहीत होता.”

“मी उद्या पहाटे गाडी करून येतो,” मी म्हटलं.

“कशाला? मी शुक्रवारी येईन. उद्या याच्याबरोबर आंजर्ल्याला पत्रिका टाकायला जायचंय. बारा आहेत.” मग थोडं थांबून, “रागावलास?”

‘रागावलास?’ हा प्रश्न लहानपणी मी त्यांना विचारायचो. सरकारी कागदांत जसं खातेदाराचं आणि वारसाचं नाव उलटंपालटं व्हावं, तसं काहीतरी आमच्या घरात केव्हा तरी होऊन गेलं होतं, आणि दुरुस्तीचा अर्ज करायचं मला सुचलं नव्हतं. नाना माझ्याकडे मुदतठेवीसारखे होते. सुरक्षित, कपाटात, मुदत संपली की आपोआप पुढं चालू. मध्येच मोडता येणार नाही अशा.

“नाही, नाना,” मी म्हटलं. “भुवईला अजून दुखतं का हो?”

पलीकडं क्षणभर शांतता. “वेडा आहेस,” नाना म्हणाले. “सूनबाईला दे फोन.”

शुक्रवारी नाना पायलीभर आंबे, आमसुलांची पुडी आणि रापलेलं नाक घेऊन परत आले. रविवारी सहस्रचंद्रदर्शन झालं. आयत्या वेळी हॉलमध्ये कोणाला कुठं बसवायचं यावरून गोंधळ उडाला, तो नानांनी पाटावरून उठून मिटवला. जिल्ह्याजिल्ह्यानं बसवले सगळे. मट्ठा आणि ताक दोन्ही ठेवलं होतं. लोकांनी सरबत मागितलं.

रात्री मी कादंबरी घेऊन बसलो. शेवटची चाळीस पानं राहिली होती. नानांनी हात वर केला. “शेवट सांगू नकोस.”

“का?”

“कशाला? आत्ताशी तर तो निघालाय.”

तेव्हापासून नानांची कापडी पिशवी दाराच्या मागं खुंटीवर भरलेलीच असते. सकाळी उठलो की ती आहे ना, हे मी चोरून बघतो. परवा न राहवून तिच्यात पाचशेची एक नोट आणि एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीवर नानांचं नाव, आमचा पूर्ण पत्ता, माझा फोन नंबर. कुठं चुकले तर असावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी माझ्या चहाच्या कपाखाली परत आली होती. नोट ठेवून घेतली होती. पत्त्याच्या शेवटी लाल शाईनं, ठळक, सॉर्टरच्या वळणदार अक्षरात सहा आकडे लिहिले होते आणि खाली शेरा होता :

‘पिनकोड लिहीत जा. पत्र पोचत नाही.’